वासरांच्या घळीतली सहावी झोपडी

टॉर्कलला छप्पर नव्हतं, आणि वाडीत कुणी त्याला ते द्यायचं नाही असा हुकूम होता. हुकूम इस्टेटीच्या कारभाऱ्यांनी, मिस्टर टेलफरनी, स्वतः वाचून दाखवला. मिस्टर टेलफर वाचण्याआधी दोनदा घसा खाकरतात, जणू आत एखादा भाडेकरू बसलाय आणि त्यालाही बाहेर काढायचंय. मग इंग्रजी सुरू होतं, आणि महत्त्वाचे शब्द दोनदा येतात. "जो कुणी सदर इसमाला आसरा देईल, आसरा देईल, त्याचं घर नोव्हेंबरच्या मुदतीला खाली करून घेतलं जाईल, घेतलं जाईल." त्यामुळे आमच्याकडच्या ज्या म्हाताऱ्यांना इंग्रजीत साधं पाणी मागता येत नाही, त्यांनाही 'घर खाली' एवढं अगदी चोख येतं.

टॉर्कलचा गुन्हा काय, तर शेजारच्या वाडीतून काढून दिलेली मुलगी, जावई आणि त्यांची तीन पोरं त्यानं फेब्रुवारीत आपल्या घरात घेतली. एका छपराखाली एकच चूल, हा इस्टेटीचा नियम. एप्रिलमध्ये मुलगी पोराबाळांसकट कॅनडाच्या जहाजावर चढली. टॉर्कल चढला नाही. एकाहत्तर वर्षांचा माणूस. "मी तिथे पोचेपर्यंत मला समुद्रातच टाकतील, त्यापेक्षा इथल्या मातीत बरा," म्हणाला. जहाज गेलं त्याच आठवड्यात इस्टेटीनं त्याच्या घराच्या छपराचं गवत उतरवलं.

मग तो वर गेला. छपराचा मधला वासा त्याचा स्वतःचा होता, तेवढा खांद्यावर घेतला, दोन काळ्या गाई पुढे घातल्या, आणि जुन्या खोऱ्यातल्या वासरांच्या घळीत जाऊन राहिला. तिथे एके काळी उन्हाळी चराईच्या सहा झोपड्या होत्या. जुलैत सगळे गाई घेऊन तिथेच राहायला असायचे, आणि टॉर्कल जुलैत जन्मलेला, म्हणजे तिथलाच जन्म. इस्टेटीनं माणसं काढून खोरं रिकामं केलं त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. आधी मेंढ्या आल्या, आता हरणं आहेत, आणि ऑगस्टात साहेबलोक बंदुका घेऊन येईपर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही. सहावी झोपडी ओढ्याच्या टोकाची. तिच्या भिंती उभ्या होत्या. त्यानं वासा टाकला, वर गवतासकट कापलेली ढेकळं रचली. लांबून बघितलं तर डोंगराला आणखी एक टेंगूळ आलंय असं वाटायचं.

वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याची धाकटी बहीण बेथाग. एकोणसाठ वर्षांची, उंच, हाडापेरानं दणकट. तिचा नवरा आणि एकुलता मुलगा एकाच होडीतून हेरिंग मासळीच्या मागे गेले होते आणि होडी तेवढी परत आली होती. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या घरात ती एकटी. टॉर्कल वर गेल्यापासून ती आठवड्यातून दोनदा पाठीला टोपली लावून निघायची. कुणी विचारलं तर दगडफूल खरवडायला, लोकर रंगवायला. टोपलीत खाली ओटचं पीठ, मीठ, चहाची पुडी. माझी आई म्हणायची, "बेथाग, एवढ्या दगडफुलात अख्ख्या परगण्याच्या मेंढ्या तपकिरी होतील गं." बेथाग म्हणायची, "होऊ देत. पांढऱ्या मेंढ्यांनी आपलं काय भलं केलंय?"

टॉर्कलच्या छातीत खोकला बसला होता. हिवाळा काही तो काढणार नाही, हे तिला कळत होतं. तिला फक्त एवढंच हवं होतं, की तो स्वतःच्या छपराखाली मरावा.

जूनमध्ये सरकारी नकाशेवाले आले. आधी साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन मोजणारे येऊन गेले होते. त्यांनी किनारा आणि मोठी शिखरं दुरूनच मोजली होती. मागाहून आला तो नावं गोळा करणारा, कॉर्पोरल मॅकनॅब. लाल डगला, मिशीवर कायम पावसाचे थेंब, आणि काखेत एक वही. वहीत रकाने आखलेले: नाव काय, कुणी सांगितलं, आणि ती वस्तू आहे तरी काय.

तो आधी पाद्रीबाबांकडे गेला. आमचे पाद्री बुधवारीही रविवारचंच बोलतात. "डोंगर... ही तर... परमेश्वराची... कृती," असं म्हणून त्यांनी दोन डोंगरांची नावं सांगितली, एक खिडकीतून दिसणारा आणि दुसरा त्याच्यामुळे न दिसणारा. मास्तर पूर्वेकडचे, तीन वर्षांपूर्वी आलेले. त्यांनी चार सांगितली आणि पाचव्याला थांबून बोटांवरचा खडूच पुसत बसले. शेवटी पाद्रीच म्हणाले, "बेथागला... विचारा. ती... खोऱ्यात... जन्मली."

मॅकनॅब बेथागच्या दारात आला तेव्हा माझी आई तिथे लोकर पिंजत बसली होती. मॅकनॅब आमच्यासारखीच गॅलिक बोलणारा, पण पर्थशायरचा, आणि तिकडचे लोक शब्दाची शेपटी खातात. "बा, तुम्ह त्य खोऱ्यात जन्मल म्हण?" आईनं लोकरीत तोंड खुपसलं. (ही खोड मी इथून पुढे लिहीत नाही. वाचणाऱ्याची दमछाक होईल.)

"जन्मले असेन," बेथाग म्हणाली. "अकरा वर्षांची होते तेव्हा बाहेर काढलं. मला काय आठवणार? आणि माझे गुडघे गेलेत."

"हरकत नाही. मग मी एकटाच जातो. उद्यापासून खोरं तळापासून माथ्यापर्यंत पायाखाली घालतो."

बेथाग चुलीजवळून उठली. गुडघ्यांना काही झालेलं दिसलं नाही. "एकटे? पहिल्याच दलदलीत कमरेपर्यंत जाल आणि मग तुमच्या राणीसाहेब आम्हाला जाब विचारतील. थांबा. येते मी."

तो गेल्यावर आई म्हणाली, "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"एकटा गेला तर कुठेही जाईल. मी बरोबर असले तर मी नेईन तिथे जाईल."

त्या संध्याकाळी ती वर जाऊन टॉर्कलला सांगून आली: तीन दिवस आग पेटवायची नाही, गाई मोठ्या खडकाआड बांधायच्या, आणि खोकायचं तर कांबळ्यात तोंड घालून. टॉर्कल म्हणाला, "गाईंनाही सांग, हंबरायचं तर इंग्रजीत हंबरा. पाहुणा सरकारी आहे."

पहिले दोन दिवस तिनं त्याला खोऱ्याच्या, घळीपासून लांबच्या अंगानं फिरवलं. सुरुवातीला ती तुटक बोलत होती. हा अमका ओढा, तो तमका उतार. पण मॅकनॅब नुसतं लिहून घेऊन पुढे जात नव्हता. लिहिलेलं वाचून दाखवायचा. "बरोबर उतरलं का, बाई?" विचारायचा. मिठाच्या दगडापाशी त्यानं विचारलं, याला मिठाचा का म्हणायचं?

"का म्हणजे? वर जाताना बायकांच्या पाठीवर उन्हाळाभराचं मीठ असायचं. इथे पाठ टेकायची. माझ्या आईची पाठ इथे टेकलेली मी पाहिली आहे. हा बघा खळगा."

त्यानं खळग्यात हात घालून बघितला.

इथून तिचं तोंड सुटलं. दुधाचा ओढा, त्यात लोणी गार करायला ठेवत. भांडणाचं पठार, तिथे दोन वाड्यांनी एका बैलावरून डोकी फोडली आणि बैल मधल्या मधे घरी निघून गेला. आंधळ्याची पायरी. नवरीचा उतार. ती सांगत होती आणि तो लिहीत होता, पावसाची सर आली की डगला वहीवर धरून. अठ्ठेचाळीस वर्षांत या ओढ्यांबद्दल तिला कुणी काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती घरी आली ती गाल लाल करून. "साठ झाली!" आईला म्हणाली. "साठ नावं, आणि अजून पलीकडची बाजू आहेच!" आईला तेव्हाच धाकधूक वाटली होती म्हणे. पण आईला सगळं मागाहूनच 'तेव्हाच' वाटलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी डोंगराच्या धारेवर पोचल्यावर मॅकनॅबनं खाली बोट दाखवलं. "ती घळ कुठली?"

अर्धा मैल खाली वासरांची घळ. धूर नाही, गाई नाहीत, पावसात नुसतं हिरवं. बेथाग म्हणाली, "वासरांची."

"आणि ते भिंतींचे अवशेष? उन्हाळी झोपड्या ना? आमच्याकडे अशांची नावंही गेली, सांगणारं एकही माणूस राहिलं नाही."

पडके गोठे आहेत, नावं नाहीत, असं ती म्हणू शकत होती. आईला तिनं पुढे सांगितलं, "तसंच म्हणणार होते गं." पण पहिल्या पाच झोपड्यांतली माणसं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. तिनं वरून सुरुवात केली. मोरागची. लाल डोनलची. दोघी बहिणींची. शिंप्याची. केनेथची. मॅकनॅबची पेन्सिल पाचदा हलली आणि थांबली. "आणि ती टोकाची?"

आमच्याकडे उन्हाळी झोपडीला पहिल्या बांधणाऱ्याचं नाव नसतं. शेवटचं छप्पर ज्यानं घातलं त्याचं नाव असतं, आणि नवं छप्पर पडलं की नाव त्याच दिवशी बदलतं. आत जिवंत माणूस राहत असताना मागच्या धन्याचं नाव घेणं म्हणजे आतल्याला मेलेल्यांत धरणं, आणि एकदा धरला की तो फार दिवस टिकत नाही. हसायचं असेल तर हसा. आमच्यातलं कुणी हसत नाही. एप्रिलपर्यंत सहावी झोपडी बेथागच्या बापाची होती, ईवनची. आता तिच्यात तिचा खोकणारा भाऊ कांबळ्यात तोंड घालून बसला होता. ईवनची म्हणावं तर त्याला आपल्याच तोंडानं पुरायचं.

"ही वही जाते कुठे?" तिनं विचारलं.

"इंग्लंडात, बाई. अगदी दक्षिणेच्या टोकाला. तिथे तांब्याच्या पत्र्यावर कोरतात."

"तिथे आमच्या इकडचं कुणी असतं?"

"कुणीही नाही."

"टॉर्कलची," बेथाग म्हणाली.

आणि त्यानं ते नीट अक्षरात लिहिलं. पर्थशायरात नावं बदलत नाहीत, म्हणून त्याला वाटलं, हाही कुणी शंभर वर्षांपूर्वीचा.

वही इंग्लंडात जाण्याआधी तिच्यावर तीन प्रतिष्ठित साक्षीदारांच्या सह्या लागतात हे बेथागला माहीत नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं म्हणून मॅकनॅबनं सांगितलं नव्हतं. तीन साक्षीदार म्हणजे पाद्री, मास्तर आणि कारभारी. मिठाच्या दगडाला पाठ टेकलेली बाई साक्षीदारांत बसत नाही.

तोवर भरलेल्या पानांवरच्या सह्या पाद्रीबाबांच्या जेवणघरात झाल्या. तिथलं सगळं पाद्र्यांच्या स्वयंपाकिणीनं बटाटे वाढताना ऐकलं, आणि बटाटे तिनं त्या दिवशी फार सावकाश वाढले. पाद्र्यांनी न वाचता सही केली. मास्तरांनी वाचून, आणि प्रत्येक नावाला असं मान हलवून, जणू ते त्यांना आधीच ठाऊक होतं. मिस्टर टेलफर मात्र एकेक ओळ बोटानं सरकवत चालले होते.

"ह्म्म. ह्म्म. मिठाचा दगड, ठीक, ठीक. दुधाचा ओढा, असू द्या, असू द्या." बोट थांबलं. "टॉर्कलची झोपडी. कोण टॉर्कल, कोण टॉर्कल?"

"कुणी जुना असावा, साहेब," मॅकनॅब म्हणाला. "तिथली सगळी नावं जुनीच आहेत."

"सांगितलं कुणी, सांगितलं कुणी?"

"बेथाग म्हणून एक बाई आहेत."

मिस्टर टेलफरनी बोट त्या ओळीवर तसंच ठेवलं. मग त्यांनी पट्टी मागितली. सहाही झोपड्यांवर एकेक सरळ रेघ मारली, मोरागपासून टॉर्कलपर्यंत. "पडक्या गोठ्यांना नावं लागत नाहीत, लागत नाहीत." बाकी पानांवर सही केली आणि आणखी एक बटाटा घेतला.

दुसऱ्या दिवशी इस्टेटीची चार माणसं पहारी आणि कुऱ्हाडी घेऊन वर गेली. त्यांनी ढेकळं ओढून काढली, भिंती गुडघ्याइतक्या केल्या, आणि वासा तिथेच जाळला, म्हणजे पुन्हा कुठे टाकता येऊ नये. गाई खाली हाकलल्या. टॉर्कलला हात लावला नाही. तो बाहेर ओल्या गवतावर बसून बघत होता. त्यांतला एक जण पुढे सांगत फिरायचा, की म्हाताऱ्यानं आपल्याला वाशाची गाठ कुठे आहे तेही दाखवलं, "तिथे कुऱ्हाड मारू नकोस, उडेल," म्हणून.

मॅकनॅबनं गाई हाकलून आणताना पाहिल्या आणि टॉर्कल कोण ते त्याला कळलं. तो बेथागकडे गेला. दारातच उभा राहिला, डोक्यावरची टोपी हातात.

"तुम्ही म्हणालात इंग्लंडात आमचं कुणी नाही," बेथाग म्हणाली.

"तिथे कुणी नाही, बाई. इथल्या सह्यांचं तुम्ही विचारलं नाहीत. मला ठाऊक असतं तर... तुम्ही मला एक शब्द बोलला असतात तर..."

"जीभ माझी आणि शाई तुमची. आता जा."

"काही करता येईल का?"

"वासा आणून द्या," ती म्हणाली.

तो गेला. पलीकडच्या बाजूची नावं त्याची राहिलीच.

वाडीतले सहा पुरुष वर गेले आणि टॉर्कलला झोपडीच्या दाराच्या फळीवर निजवून सात मैल खाली घेऊन आले. रात्रभर पावसात राहिल्यामुळे तो तापानं फणफणला होता. वाडीच्या तोंडाशी, जिथे वाट फुटते, तिथे ते थांबले. आता कुणाकडे? सगळ्यांच्या कानात एकच वाक्य दोनदा वाजत होतं. कुणी खांदा बदलला, कुणी बुटाचा चिखल दगडाला पुसला. पुसून झाल्यावर दुसऱ्या बुटाचा पुसला. त्या सहांत माझा बाप होता. लिहायचं तर ते सोडून कसं लिहू?

बेथागचं दार सताड उघडं होतं. ती मधोमध उभी होती.

"काय रे, त्याला काय लिलावात काढताय? आणा इकडे."

"बेथाग," माझा बाप म्हणाला, "नोव्हेंबर आठव."

"तू आठव. तुझ्याकडे पाच पोरं आहेत. माझ्याकडे कोण आहे? डोकं आधी आत घ्या. डोकं! पाय आधी निघतात ते बाहेर जाताना."

तिनं त्याला चुलीशेजारी, नवऱ्याच्या खाटेवर ठेवलं. दोन दिवसांनी ताप उतरल्यावर तो म्हणाला, "पोरी, तुझ्याकडे धूर फार. माझ्याकडे कमी होता."

"तुझ्याकडे आता मुळीच नाही. पेज पी."

पेज पिऊन झाल्यावर तिनं त्याला सांगितलं. धारेवर काय झालं, काय विचारलं, काय बोलली, सगळं. माझी आई तिथेच होती. ती उठून जायला लागली तर बेथागनं तिला हातानं बसवलं, साक्षीला बसवावं तसं.

टॉर्कलनं सगळं ऐकून घेतलं. "मला कुणी विचारलं असतं तर मी ईवनची म्हटलं असतं," तो म्हणाला.

"तू म्हटलं असतंस. मी कसं म्हणणार?"

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गाई कुणी दोहतंय का, एवढंच विचारलं.

तो ऑगस्टात गेला, साहेबांच्या पहिल्या बंदुका खोऱ्यात वाजायला लागल्या त्या आठवड्यात. खोऱ्यातल्या जुन्या कबरस्तानात पुरायची परवानगी मिळाली नाही. हरणं बिथरतील, बिथरतील. किनाऱ्यावरच्या वाळूत पुरला. बहिणीच्या छपराखाली मेला, स्वतःच्या नाही. बेथागला 'निदान' हा शब्द चालायचा नाही. माझी आई एकदा म्हणाली, निदान कोरड्यात तरी गेला. त्यावर बेथागनं तिच्याकडे असं पाहिलं की आई आठवडाभर तिच्या दाराशी गेली नाही.

नोटीस आली होतीच. नोव्हेंबरच्या मुदतीच्या आदल्या दिवशी आई तिच्याकडे गेली, आणि माझा बाप अंगणात उभा राहून ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं गप्प होता.

"आमच्या गोठ्याच्या बाजूला..." आई म्हणाली.

"नको. तुझ्या नवऱ्यानं सात मैल दाराचं एक टोक धरलं. तेवढं पुष्कळ आहे. ग्लासगोत माझी नणंद कपडे धुते, तिला हात हवेच आहेत."

"शहरात तुला वेड लागेल."

"इथे काय बाकी आहे?"

घर खाली करताना आमच्याकडे इस्टेटीचा माणूस पाण्याची बादली घेऊन आत जातो आणि चूल विझवतो. चूल विझली की घर कायद्यानं खाली. वाडीतल्या कित्येक चुलींत दोन दोन पिढ्या आग मेलेली नसते. झोपताना राखेत पुरायची, सकाळी उकरायची. लोक तेवढ्या क्षणाला बाहेर जाऊन उभे राहतात. ते कुणाला बघवत नाही.

त्या सकाळी मिस्टर टेलफर स्वतः आले होते. सगळी वाडी रस्त्याच्या कडेला. खाकरणं झालं, एकदा, दोनदा, आणि कागद वाचून झाला. इस्टेटीचा माणूस, तोच वाशाच्या गाठीची गोष्ट सांगणारा, भरलेली बादली घेऊन आत गेला. आणि बादली तशीच घेऊन बाहेर आला.

"विझलेली आहे, साहेब. ओली आहे."

बेथाग त्याच्यामागून आली, पाठीवर गाठोडं, हातात रिकामी किटली. तिनं सकाळचा चहा करून प्यायला होता आणि उरलेलं सगळं पाणी स्वतः चुलीत ओतलं होतं.

मिस्टर टेलफरनी तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, आणि पुन्हा घातली. तो माणूस बादली धरून उभा, खाली ठेवावी की धरावी कळेना.

"बघतोस काय?" बेथाग त्याला म्हणाली. "कोबीला घाल. कुणी तरी खाईलच."

ती निघाली. आगबोटीच्या धक्क्यापर्यंत चार मैल. माझ्या आईनं हाक मारली, ती वळली नाही. आणि तो माणूस खरोखरच परसात गेला आणि एकेका गड्ड्याला थोडं थोडं पाणी घालत राहिला, भर पावसात, ती वळणाआड जाईपर्यंत.